कप्तानांची गळती

मिस्त्रीने इंजिनाखाली हात घातला, बाहेर काढला, बोटे नाकाशी नेली, अंगठ्याने चोळून पाहिली आणि म्हणाला, "तेल आहे."

"ते मलाही दिसतंय," कप्तान म्हणाले. "येतंय कुठून ते सांगा."

मिस्त्री पुन्हा इंजिनरूममध्ये शिरला. इंजिनरूम हे तिचे कागदावरचे नाव. प्रत्यक्षात ती डेकखालची एक मोठी पेटी होती. तिच्यात इंजिन उभे राहू शकत होते, माणूस नाही. दार मात्र आतून लागत असे, कारण बाहेरची कडी कधीच गंजून पडली होती.

"मागचं सील गेलंय," आतून आवाज आला. "इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे रबराचं असतं ना, ते. म्हातारं झालं की कडक होतं. मग थेंब थेंब सोडतं."

"घाबरण्यासारखं आहे का?"

"छे. जुनं इंजिन म्हटल्यावर गळणारच. गळतंय म्हणजे आत तेल आहे असं समजायचं. गळायचं थांबलं की मला बोलवा."

असले सील आता कोणी बनवत नाही, पण आपला एक माणूस आहे, त्याच्याकडे असल्या इंजिनांचे सगळे मिळते, आठ-पंधरा दिवसांत आणून देतो, असे मिस्त्री म्हणाला. मिस्त्रीचे आठ-पंधरा दिवस धक्क्यावर सगळ्यांना माहीत होते. त्यात पोराचे लग्न ठरून, होऊन, त्याचे पोर शाळेत जाऊ शकत असे.

तोवर तेलाचे काय करायचे हा प्रश्न होता. ते ठिबकून बोटीच्या तळातल्या पाण्यात पडायचे, तळातला पंप ते पाणी बाहेर फेकायचा, आणि खाडीच्या पाण्यावर बोटीमागे इंद्रधनुष्य तरंगत यायचे. ते कोणाच्याही डोळ्यांत भरले असते. बोटीची वार्षिक तपासणी जवळ आली होती, आणि खाडीत तेल सोडणारी बोट बंदर खात्याचे साहेब जागच्या जागी बंद करीत.

साहेबांपेक्षाही कप्तानांना भीती होती ती लोकांची. लोकांना तेल गळणे आणि बोट गळणे यातला फरक कळत नाही. पलीकडच्या धक्क्यावरच्या एका बोटवाल्याने एकदा एका उतारूला सहज सांगितले होते की छपरातून जरा पाणी येते. संध्याकाळपर्यंत बाजारात त्याची बोट बुडाली होती. लोक समाचाराला घरी गेले तेव्हा तो जेवत होता. पण त्यानंतर त्याच्या बोटीत कोणी पाऊल टाकले नाही, आणि शेवटी ती त्याने विकली.

कप्तानांना बोट विकायची नव्हती. बोट आणि बायको त्यांच्या आयुष्यात एकाच वर्षी आल्या होत्या. बोट आधी आली, हे कप्तानीणबाई अजून विसरल्या नव्हत्या. आता त्या धक्क्यावरच्या खिडकीत बसून तिकिटे देत आणि कप्तान माणसांना खाडीपलीकडे नेऊन आणत. पुलावरून जायचे तर भलामोठा वळसा होता, त्यामुळे नोकरीवाले, शाळेतल्या बाई, पलीकडे रोज बुद्धिबळ खेळायला जाणारे निवृत्त पोस्टमास्तर, असे सगळे त्यांच्याच बोटीने जात.

कप्तानांनी प्रथम इंजिनाखाली परात ठेवली. बोट हलली, परात कलंडली. मग चिंध्या ठेवल्या. चिंध्या वाहत जाऊन पंपाच्या तोंडात अडकल्या.

"डायपर लावा," मिस्त्री म्हणाला.

"कोणाला?"

"इंजिनाला. माझ्या नातवाचं बघतो ना मी. रात्रभर काय वाट्टेल ते करतो, सकाळी टिपूस बाहेर नाही."

कप्तान मेडिकलमध्ये गेले. मेडिकलवाला चांगला माणूस होता. त्याची एकच खोड, की त्याला गिऱ्हाइकाची काळजी वाटत असे.

"लहान मुलांचे डायपर द्या," कप्तान म्हणाले.

"वजन काय?"

कप्तानांना इंजिनाचे वजन तोंडपाठ होते. ते त्यांनी सांगितले नाही. "मधलंच काहीतरी द्या."

"तसं नसतं, कप्तान. किती महिन्यांचं आहे?"

"तुम्ही द्या हो. शोषून घेतल्याशी कारण."

मेडिकलवाल्याने पुडा काढून दिला, आणि देताना असा काही समजूतदार हसला की ते हसू कप्तानांना धक्क्यापर्यंत टोचत राहिले.

उपाय मात्र गुणाचा निघाला. सकाळी इंजिनाखाली पांढराशुभ्र डायपर पसरायचा, संध्याकाळी काळाकुट्ट काढायचा. तळातले पाणी स्वच्छ झाले आणि बोटीमागचे इंद्रधनुष्य गेले. डायपर जरा लहान पडत होता एवढेच. कप्तानांनी बायकोला सगळे सांगून टाकले, कारण त्यांच्या कपड्यांना येणाऱ्या वासावरून तिने ते आधीच ओळखले होते.

"कोणाला बोलू नकोस," ते म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मी कशाला बोलतेय," कप्तानीणबाई म्हणाल्या.

पुढच्याच आठवड्यात, सकाळच्या गर्दीत, तिकिटाच्या खिडकीतला फोन वाजला. विहीणबाई बोलत होत्या.

"अभिनंदन," त्या म्हणाल्या. निषेध करावा तसा त्यांचा आवाज होता.

"कशाबद्दल?"

"आमच्या मुलीला दिवस गेले, आणि ते आम्हाला कुणाकडून कळावं, तर तुमच्या मेडिकलवाल्याच्या मेव्हणीकडून. पुडेच्या पुडे घेऊन ठेवताय म्हणे आतापासून. आम्ही काय इतके परके झालो?"

कप्तानीणबाईंनी फोनवर हात ठेवला आणि खिडकीतून मान बाहेर काढली. कप्तान बाजूलाच दोर गुंडाळत होते.

"अहो, सूनबाईंना दिवस गेलेत."

"खरं की काय? कोण म्हणालं?"

"तुमचे डायपर. विहीणबाई रागावल्यात फोनवर. काय सांगू? बोटीचं सांगू?"

कप्तानांनी समोर पाहिले. खिडकीपुढे रांग होती. रांगेत एरवी कोणी गप्प उभे राहत नसे. आता सगळे गप्प होते, आणि सगळ्यांचे डोळे खाडीकडे व कान खिडकीकडे होते. बोटीचे सांगितले असते तर या रांगेतला एकही माणूस उद्या आला नसता.

"माझे आहेत म्हणून सांग," कप्तान खालच्या आवाजात म्हणाले.

"लहान मुलांचे आहेत ते. तुम्हाला कसे होतील?"

"चुकून लहान आणले म्हणावं. आता मोठे आणणार आहे."

कप्तानीणबाईंनी नवऱ्याकडे जरा वेळ पाहिले. संसारात त्यांनी या माणसाचे बरेच काही पाहिले होते, पण हे नवीन होते. मग त्यांनी फोनवरचा हात काढला.

"विहीणबाई, सूनबाईंचं काही नाही हो. ते ह्यांच्यासाठी आहेत."

मग विहीणबाईंचा आवाज एकदम लोण्यासारखा मऊ झाला. "अगंबाई. कधीपासून?"

"झाले थोडे दिवस."

"जपा हो त्यांना. आमच्या ह्यांच्या आत्याबाईंना पण शेवटी शेवटी असंच होतं."

रांगेत पहिल्या होत्या त्या शाळेतल्या बाई. त्यांनी तिकीट दोन्ही हातांनी घेतले आणि काही न बोलता बोटीत जाऊन बसल्या. त्यांच्या मागे सगळी रांग तशीच, पायांचा आवाज न करता गेली.

एकदा म्हटले म्हणजे निभावणे आले. कप्तान त्याच दिवशी मेडिकलमध्ये गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "मोठ्या माणसाचे डायपर द्या. मला हवेत."

"हळू बोला, कप्तान," मेडिकलवाला कुजबुजला. "गिऱ्हाईक आहेत." तो कुजबुजला त्यासरशी दुकानातली सगळी गिऱ्हाइके बोलायची थांबली. "आमच्याकडे आवाज न होणारे पण आहेत. पँटच्या आत कळतसुद्धा नाही."

"आवाजाचं काही नाही," कप्तान म्हणाले. "त्याच्यापेक्षा माझाच आवाज मोठा असतो."

कप्तान इंजिनाच्या आवाजाबद्दल बोलत होते. मेडिकलवाल्याने मान खाली घातली आणि गुपचूप दोन पुडे बांधून दिले.

मोठ्या डायपरने काम फारच सोपे झाले. इंजिनाच्या बुडाला तो मापाने शिवल्यासारखा बसला. पण हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते कप्तानांच्या वाट्याला आता आले. दिवसातून दोनदा ते पुड्यातला एक डायपर काढून इंजिनरूममध्ये शिरत, दार लावून घेत, आतून खाटखुट आवाज येई, आणि थोड्या वेळाने ते काळी पिशवी घेऊन बाहेर पडत, घाम पुसत. लोक हे रोज पाहत होते. आधी फक्त ऐकले होते, आता पुरावाही मिळाला.

लोक फार चांगले वागले. सुकाणूपाशी कोणीतरी मऊ उशी आणून ठेवली. कप्तान दोर ओढायला वाकले की चार जण धावत येऊन तो त्यांच्या हातातून काढून घेत. एकदा कप्तानांनी निघायचा भोंगा दिला तेव्हा शाळेतल्या बाई जवळ येऊन म्हणाल्या, "कप्तान, घाई नाही. आधी जाऊन या."

"कुठे?"

"आम्ही थांबतो. शाळेत मी सांगते उशिराचं."

"मला कुठे जायचं नाहीये."

"असं दाबून ठेवू नये," बाई म्हणाल्या. त्या प्राथमिक शाळेत शिकवत असल्यामुळे हे वाक्य त्यांना सहज येत होते. सगळी बोट थांबून राहिली. शेवटी कप्तान उगीचच इंजिनरूममध्ये जाऊन बसून आले, तेव्हा फेरी सुटली. त्यानंतर प्रत्येक फेरीला हेच होऊ लागले, आणि आयुष्यात कधी वेळ न चुकलेली बोट रोज उशिरा सुटू लागली. त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही, हेच कप्तानांना अधिक लागले.

एक दिवस पलीकडच्या धक्क्याला सगळे उतरून गेले तरी पोस्टमास्तर बसून राहिले. पोस्टमास्तर ताठ माणूस होता. कोणाशी फारसे बोलत नसे, आणि हसणे तर त्यांनी नोकरीतच सोडले होते. त्यांनी आजूबाजूला पाहिले, घसा खाकरला आणि खाडीकडे बघत विचारले, "तुम्ही कोणता वापरता?"

"काय?"

"निळ्या पुड्यातला की पिवळ्या?"

कप्तानांनी त्यांच्याकडे पाहिले. पोस्टमास्तरांचे कान लाल झाले होते. त्या क्षणी खरे सांगायला हवे होते, हे कप्तानांना कळत होते. पण एवढ्या ताठ माणसाने एवढे वाकून विचारल्यावर त्याला इंजिनाचे सांगायचे कसे?

"निळा बरा," ते म्हणाले. "पिवळा कडेने सोडतो."

"हो ना," पोस्टमास्तर म्हणाले. त्यांच्या आवाजात असा काही सुटकेचा सूर होता की कप्तानांना भरून आले. "मला वाटायचं माझंच काही चुकतंय. आणि हलल्यावर? सरकतो का?"

"माझा तर दिवसभर हलतच असतो. निळा नाही सरकत. फक्त बसवताना मागची बाजू जरा वर घ्यायची."

पोस्टमास्तरांनी हे मनात नीट लिहून घेतल्यासारखी मान हलवली. त्या दिवशी परतीच्या फेरीला ते कप्तानांशेजारी येऊन बसले आणि डावात आज घोडा कसा मारला ते त्यांनी सविस्तर सांगितले. मग ते रोजच तिथे बसू लागले.

रविवारी मुलगा आला. विहीणबाईंनी त्याला फोनवर सगळे सांगितले होते आणि वर आत्याबाईंचे शेवटचे दिवसही ऐकवले होते.

"बाबा, बोट विकून टाका," तो म्हणाला. "आमच्याकडे चला. लिफ्ट आहे, संडास कमोडचा आहे."

"अरे, मला काही झालेलं नाही. इंजिनाचं तेल गळतंय."

मुलाने आईकडे पाहिले. "असंच बोलतात का हल्ली?"

"खरंच इंजिनाचं आहे रे," कप्तानीणबाई म्हणाल्या.

"आई, तू पांघरूण घालू नकोस त्यांच्यावर. सासूबाईंना तूच सांगितलंस ना ह्यांच्यासाठी आहेत म्हणून?"

"चल, बोटीवर दाखवतो," कप्तान म्हणाले. पण मुलगा पांढऱ्या पँटमध्ये होता आणि त्याची परतीची गाडी चुकत होती. जाताना त्याने वडिलांच्या पाया पडून डोळे पुसले. मुलगा गुणी असल्यामुळे तेवढ्यावर थांबला नाही. त्याने दुसऱ्या दिवशी बंदर खात्यात फोन करून साहेबांना विनंती केली की वडिलांची तब्येत बरी नसते, तपासणीला याल तेव्हा त्यांना सांभाळून घ्या, आणि जमले तर निवृत्तीचे समजावून सांगा. साहेबांनी तपासणी महिन्याने ठरवली होती. ती त्यांनी लगेच घ्यायचे ठरवले.

साहेब उंच, सडपातळ आणि कडक होते. त्यांनी एकदा सख्ख्या मेव्हण्याची होडी बंद केली होती आणि ती बंद करून त्याच्याच घरी जेवायला गेले होते. ते दुपारी धक्क्यावर आले, गाडी लावली, आणि बोट उलटीसुलटी तपासू लागले. तरंगणारी जॅकेटे एकेक करून मोजली, दोरांच्या गाठी ओढून पाहिल्या, भोंगा वाजवायला लावला. तपासणी चालू बोटीतही करायची असते म्हणून ते पलीकडे जाऊन संध्याकाळच्या परतीच्या फेरीला पुन्हा बसले. फेरी भरलेली होती. बाई होत्या, पोस्टमास्तर होते. आता फक्त इंजिनरूम राहिली होती. कप्तानांनी सकाळीच नवा डायपर पसरला होता आणि तो काढायला त्यांना दिवसभरात संधी मिळाली नव्हती. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, तर कप्तानांच्या चारी बाजूंना खाडीच होती.

बोट मध्यावर आली तेव्हा साहेब सुकाणूपाशी येऊन उभे राहिले. ते पायावर पाय दाबून उभे होते.

"तुमच्या मुलाचा फोन आला होता," ते म्हणाले.

"हो का."

"त्याने सांगितलं मला. तुमचं." साहेबांनी मागे वळून पाहिले. उतारू सगळे सौजन्याने दुसरीकडे बघत होते. "कप्तान, तुम्ही एवढ्या लोकांत दिवसभर कसं निभावता?"

"निभावतं," कप्तान म्हणाले.

"माझी बॅग गाडीत राहिलीय," साहेब म्हणाले. ते आता खाडीशी बोलत असल्यासारखे बोलत होते. "धक्क्यावर. सकाळपासूनचा एकच आहे. आणि धक्क्यापर्यंत आता… नाही निघणार."

कप्तानांना क्षणभर कळले नाही. मग कळले, आणि समोरचा साहेब त्यांना दिसेनासा झाला, अडचणीतला एक माणूसच तेवढा दिसू लागला.

"खाली जा. इंजिनरूममध्ये डाव्या हाताला पुडा आहे," ते म्हणाले. "दार आतून लागतं. डोकं सांभाळा."

साहेब गेले. दार लागले. आणि दार लागल्यावर कप्तानांच्या ध्यानात आले की आपण साहेबांना कुठे पाठवले. पण बोट प्रवाहात होती आणि सुकाणू सोडता येत नव्हते. ते समोर बघत उभे राहिले. खालून खाटखुट आवाज आले. मग आवाज थांबले. मग बराच वेळ काहीच ऐकू आले नाही.

साहेब वर आले तेव्हा हात रुमालाला पुसत होते. रुमालावर काळे डाग होते.

"इंजिनाखाली एक पसरून ठेवलाय," ते म्हणाले.

"हो."

"तेलाने भरलाय."

"हो. मागचं सील गेलंय."

"म्हणजे तुम्हाला काही होत नाही."

"नाही," कप्तान म्हणाले.

साहेब कठड्याला धरून पाण्याकडे बघत राहिले. धक्का जवळ येऊ लागला तेव्हा म्हणाले, "मला वाटलं होतं, एक तरी ओळखीचा माणूस भेटला."

तेल पकडले गेल्याचे कप्तानांना तेवढे वाईट वाटले नव्हते जेवढे या वाक्याने वाटले. काहीतरी बोलायला हवे होते. त्यांना एकच सुचले.

"तुम्ही कोणता वापरता?"

"पिवळा."

"निळा घेत जा. पिवळा कडेने सोडतो. मी तेलावर पाहिलंय."

साहेबांनी मान हलवली. "बसायला बरा वाटतोय," ते म्हणाले. मग सरळ उभे राहून, साहेबाच्या आवाजात म्हणाले, "सील बदलेपर्यंत बोट बंद ठेवावी लागेल."

"ठेवा," कप्तान म्हणाले.

"आणि हे जे खाली…"

"तुम्ही इंजिन तपासायला गेला होतात, साहेब."

बोट लागली. साहेबांनी धक्क्यावर उतरून सगळ्यांसमोर जाहीर केले की उद्यापासून ही बोट बंद. ज्या शब्दाला कप्तान इतके दिवस भीत होते, तो साहेबांनी खणखणीत उच्चारला. "इंजिनातून तेल गळतंय."

उतारू जागच्या जागी उभे राहिले. कोणी ओरडले नाही, कोणी घाबरले नाही.

"तेल," पोस्टमास्तर म्हणाले.

"हो, तेल."

"साहेब, आम्ही काही लहान मुलं नाही. तुम्ही खाली कशाला गेला होतात ते सगळ्यांना कळलंय."

साहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "काय कळलंय?"

"दुसऱ्याचा पुडा बघायला. माणसाचं गुपित धुंडाळायला. आणि ते सापडल्यावर आता बोट बंद."

साहेबांचा रंग परत आला. चोर सोडून संन्याशाला फाशी, असे गर्दीतून कोणीतरी म्हणाले. चोर कोण आणि संन्यासी कोण, हे त्याने सांगितले नाही.

पोस्टमास्तर दोन पावले पुढे आले. "कप्तानांना त्रास आहे. असेल. त्याने सुकाणू धरता येत नाही का? मलाही तोच त्रास आहे. मीही वापरतो. मग उद्यापासून मी बुद्धिबळ खेळायचं नाही?"

एवढे बोलून ते दोर बांधायच्या खुंटावर मटकन बसले. आयुष्यात ते एवढे जाहीर कधी बोलले नव्हते. बाईंनी आपली पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली.

आता मात्र कप्तानांना राहवेना. "अहो, साहेबांचं बरोबर आहे," ते पुढे होऊन म्हणाले. "खरंच तेल गळतंय. मला काहीही झालेलं नाही. ते सगळे डायपर इंजिनासाठी होते."

लोकांनी त्यांच्याकडे पाहिले. बाईंचे डोळे भरून आले.

"काय मन आहे बघा," त्या शेजारणीला म्हणाल्या. "ज्यांनी बोट बंद केली त्यांचीच बाजू घेतायत."

"लाजू नका, कप्तान," पोस्टमास्तर खुंटावरून म्हणाले. "मी सांगितलं ना. आता दोघं आहोत."

खाली चला, दाखवतो, हे शब्द कप्तानांच्या ओठांवर आले होते. दार उघडून बोटाने दाखवले असते की संपले. इंजिनाखालचा तो काळा डायपर सगळ्यांनी पाहिला असता आणि कप्तान मोकळे झाले असते. त्यांनी पोस्टमास्तरांकडे पाहिले. पोस्टमास्तर बाटली हातात धरून ताठ बसले होते, आणि पहिल्यांदाच थोडे हसत होते.

कप्तानांनी तोंड मिटले.

"ह्यांना आता घरी जाऊ द्या," कप्तानीणबाई खिडकीतून म्हणाल्या. "दमलेत."

लोक बाजूला झाले. दोघांनी कप्तानांना हात दिला. हात घेण्यासारखे त्यांना काही झाले नव्हते, पण त्यांनी तो घेतला.

बोट बंद पडल्यावर सगळ्यांना पुलाचा वळसा घालावा लागू लागला, तेव्हा लोक रोज कोणी ना कोणी बंदर खात्यात जाऊन साहेबांना भेटू लागले. साहेब रोज सील, सील म्हणत आणि लोक रोज माणुसकी, माणुसकी म्हणत. अखेर मिस्त्रीच्या माणसाला सील सापडले. मिस्त्रीने गिअरबॉक्स उतरवून ते बसवले आणि इंजिनाखालची फळी कोरडी ठणठणीत झाली. साहेबांनी येऊन पाहिले, सही केली, बोट सुरू झाली. लोकांच्या दबावापुढे खाते नमले, असे धक्क्यावर ठरले. बाईंनी हे शाळेत मुलांनाही सांगितले.

साहेब मात्र त्यानंतर वरचेवर दिसू लागले. खाडीपलीकडे त्यांची पुष्कळ कामे निघू लागली आणि ते प्रत्येक वेळी कप्तानांच्याच बोटीने जात. निम्म्या वाटेत उठत, "जरा इंजिन बघतो," म्हणत आणि इंजिनरूममध्ये शिरून दार लावून घेत.

"अजून मागे लागलाय बिचाऱ्याच्या," लोक म्हणत. "एवढं कोरडं इंजिन, त्यात बघायचं काय असतं रोज?"

पोस्टमास्तर एकदा साहेबांना तोंडावर बोललेसुद्धा. साहेबांनी ऐकून घेतले.

एका संध्याकाळी खिडकी बंद करताना कप्तानीणबाईंनी विचारले, "अहो, सील बदलून किती दिवस झाले. विहीणबाई अजून काढ्याच्या बाटल्या पाठवतायत. मुलगा रोज फोनवर लिफ्टचं सांगतो. तुम्ही एकदा लोकांना खरं काय ते सांगून का टाकत नाही?"

"सांगितलं होतं की," कप्तान म्हणाले. "धक्क्यावर. सगळ्यांसमोर."

आणि पिशवी घेऊन ते मेडिकलकडे निघाले. इंजिनरूममधला निळा पुडा संपत आला होता, आणि सकाळच्या फेरीला साहेब येणार होते.